उस्ताद नवाजचे अकरा किलो

शुक्रवार, २ मे. दुपारी एक, जुम्म्याची नमाज आटोपल्यावर. स्थळ: सौदीत रास तनुराजवळ एका कंत्राटदार कंपनीचा कामगार कॅम्प, खोली क्रमांक चौदाची मेस.

हजर: मी, आहारतज्ज्ञ. साजिद, आमच्या क्लिनिकमधला नर्स, मूळचा दापोलीकडचा. ब्लडप्रेशरचं यंत्र आणि लोकांना धीर देणं ही दोन्ही खाती त्याच्याकडे. उस्ताद नवाज, स्कॅफोल्डिंगचे फोरमन, वय सत्तेचाळीस, ज्यांच्यासाठी ही सगळी जमवाजमव. चाचा बशीर, मेसचे खानसामे. इक्बाल, नवाजचा कामावरचा जोडीदार. शिवाय मेसमधली आणखी पाच माणसं, बकरा तोलायचा असल्यासारखी काट्याभोवती उभी. सगळे पाकिस्तानी पंजाबातले, शेजारशेजारच्या गावांचे.

गैरहजर: सेफ्टी ऑफिसर. त्यानं नुसता कागद पाठवला होता.

उस्ताद काट्यावर चढले. एकशे एकवीस किलो चारशे ग्रॅम.

"बाजी, एकेक पाय वेगळा तोला," इक्बाल म्हणाला. बाजी म्हणजे ताई, इथे सगळे मला तेच म्हणतात. "काटा तरी वाचेल."

सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. काट्यावरून उतरून त्यांनी चपला घातल्या आणि तो कागद पुन्हा एकदा माझ्यापुढे धरला, जणू त्यावरचा आकडा मी खोडू शकेन.

आकडा होता एकशे दहा.

वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे इमारतीला रंग देताना बांबूची परांची बांधतात. रिफायनरीत तीच लोखंडी पायपांची असते आणि सात-आठ मजले उंच जाते. ती बांधणारा माणूस सर्वांत आधी वर चढतो, कारण त्याच्या आधी वर उभं राहायला काहीच नसतं. त्याच्या छातीला आणि मांड्यांना पट्टा असतो. पाय सुटला तर तो पट्टा माणसाला हवेत धरून ठेवतो. आता प्रत्येक पट्ट्याला पेलायच्या वजनाची मर्यादा असते, आणि त्या वजनात हातोडी, पाने, बूट, हेल्मेट सगळं धरावं लागतं. या कंपनीनं हिशेब करून नियम काढला होता: माणसाचं स्वतःचं वजन एकशे दहाच्या वर असेल तर उंचीवरच्या कामाचं कार्ड मिळणार नाही. नवाजच्या कार्डाची मुदत ८ ऑगस्टला संपत होती. कार्ड गेलं की उस्तादगिरी गेली. मग खाली गोदामात पायपा मोजायच्या, नाहीतर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपला की गाव गाठायचं.

चौदा आठवडे, अकरा किलो चारशे. मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. आठवड्याला आठशे ग्रॅम. जमण्यासारखं होतं, पण एकही आठवडा वाया घालवून चालणार नव्हतं.

"होईल का, बाजी?"

"होईल."

हे मी जरा लवकर बोलले. माझी खोडच आहे ती.

मी मूळची कराडची. सौदीत एकोणीस वर्षं झाली. आमच्या धंद्याबद्दल लोकांची समजूत अशी, की आहारतज्ज्ञ म्हणजे ताटातला पदार्थ हिसकावून घेणारी बाई. खरं काम वेगळं असतं. माणूस जे खातो पण मोजत नाही, ते शोधून काढायचं. 'काल काय जेवलात' असं विचारलं की प्रत्येकाचा कालचा दिवस साधुसंताचा असतो. एक दुकानदार मला दर महिन्याला सांगायचे, दोन रोट्या आणि थोडी भाजी. त्यांच्या बायकोनं एकदा रोटी पेपरात गुंडाळून आणून माझ्या टेबलावर ठेवली. अफगाणी भट्टीतली तमीस होती, हात पुसायच्या टॉवेलएवढी. मी इतके दिवस तिला फुलका समजून आकडेमोड करत होते. तेव्हापासून मी 'किती' विचारत नाही. आणून दाखवा म्हणते, नाहीतर स्वतः बघायला जाते.

मेसमध्ये मी पहिला प्रश्न बशीरचाचांना विचारला: पाच लिटरचा तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

"आठ दिवस, बेटी. कधी पाहुणे आले तर सात."

आठ माणसं, आठ दिवस. माणशी रोज जवळजवळ ऐंशी मिली. मी ते मोठ्यानं सांगितलं आणि एका पेल्यात तेवढं तेल ओतून दाखवलं. बशीरचाचा पेल्याकडे बघत म्हणाले, "हे तर काहीच नाही. माझे वालिद याच्या दुप्पट घालायचे."

"आणि किती जगले?" साजिदनं विचारलं.

"ब्याण्णव वर्षं."

साजिद मला मराठीत पुटपुटला, "ताई, हा मुद्दा आपण सोडूया."

मी तक्ता बनवला. त्यात एकही पदार्थ परका नव्हता, याची मी खबरदारी घेतली होती. उकडलेली कोंबडी आणि लेट्यूस लिहून देणारे माझे सहकारी आहेत. त्यांचे रुग्ण दुसऱ्या भेटीला येत नाहीत. मी लिहिलं: सकाळी एक तव्यावरची रोटी आणि अंड्याचा सालन, म्हणजे रस्सा. दुपारी चण्याची डाळ किंवा कारलं-कीमा, दीड रोटी, मुळा, काकडी, कांदा. संध्याकाळच्या दूधपत्तीत पाच चमच्यांऐवजी एक चमचा साखर. थंड पेयाच्या बाटलीऐवजी बिनसाखरेचं लबन, म्हणजे इथलं ताक. शुक्रवारची निहारी, म्हणजे नळ्यांचा घट्ट मटण-रस्सा, चालू, पण वरची तरी काढून. आलं, लिंबू, हिरवी मिरची हवी तेवढी. तक्ता उर्दूत लिहून घेतला, प्लास्टिकमध्ये घातला, भिंतीवर लावला. मला फार समाधान वाटलं.

दोन आठवड्यांनी वजन एकशे एकवीस किलो शंभर.

मी चिडले. उस्ताद खजील झाले. "बाजी, अल्लाहची शपथ, मी रोटी मोजूनच घेतो."

"मग आज मी इथेच बसते. तुम्ही जेवा."

लोकांचं जेवण बघत बसणं अवघड असतं. ते लाजतात, आपणही लाजतो. पण दहा मिनिटांत माझी चूक माझ्यासमोर उघडी पडली. त्यांच्याकडे ताटच नव्हतं. जमिनीवर दस्तरखान, मध्ये दोन मोठ्या पराती, एकेका परातीभोवती चार माणसं, सगळ्यांचे हात एकाच सालनात. माझ्या तक्त्यात 'एक वाटी' असं सात वेळा लिहिलं होतं. त्या खोलीत वाटी नव्हती.

आणखी एक गोष्ट दिसली. उस्तादांची दीड रोटी खरोखरच दीड होती. ती संपली तरी त्यांचा हात परातीत चालू राहिला. एक बोटी, मग बटाट्याची फोड, मग दुसऱ्याच्या रोटीचा तुकडा सालनात बुडवून. पंधरा-वीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

"पोट भरलं होतं ना? मग का खात होतात?"

उस्तादांनी इकडेतिकडे बघितलं. उत्तर इक्बालनं दिलं. "बाजी, उस्ताद सर्वांत मोठे. मोठ्यानं हात काढला की बाकीच्यांनाही काढावा लागतो. हे उठले तर आम्ही उपाशी."

म्हणजे हा माणूस गेली कित्येक वर्षं दिवसातून दोनदा, बाकीच्यांचं पोट भरेपर्यंत केवळ सभ्यतेनं खात होता. हे कुठल्या पुस्तकात शिकवतात? मी तक्ता भिंतीवरून काढला. नवा नियम एकाच ओळीचा होता: उस्तादांच्या उजव्या हाताशी मुळा आणि काकडीची वेगळी थाळी. रोटी संपली की हात त्या थाळीत. हात चालू, इज्जत शाबूत, बाकीचे निवांत जेवतील. बशीरचाचांनी दुसऱ्या दिवसापासून मुळे इतके चिरायला सुरुवात केली, की इक्बाल म्हणे, खोलीत झोपणं मुश्किल झालं आहे.

३० मेला वजन एकशे अठरा किलो नऊशे. बशीरचाचांनी मला चहा दिला, साखर स्वतःच्या मनानं कमी घातलेली. गाडी रुळावर आली, असं मी समजले.

मग तीन आठवडे काटा हलला नाही. एकशे अठरा नऊशे. एकशे अठरा आठशे. पुन्हा एकशे अठरा नऊशे. वहीत प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण होती: मुळा, रोटी, चहा, लबन, तरी काढली. सगळं बरोबर आणि आकडा तिथेच. असल्या वेळी मला झोप लागत नाही. मी घरात फेऱ्या मारते आणि कपाटं आवरते. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, माझं कपाट नको." गाडी चालवताना मी मनातल्या मनात त्या खोलीतला प्रत्येक डबा उघडून बघत होते. थायरॉइड तपासून घेतलं, ठीक निघालं. अजून सात आठवडे होते.

२० जूनला दुपारी हॉस्पिटलात मीटिंग होती, म्हणून मी आणि साजिद कॅम्पवर सकाळीच गेलो. नाश्ता चालू होता. दारातच मला निहारीचा वास आला. शुक्रवारची निहारी दुपारी होते, मग सकाळी वास कसला? बशीरचाचा तव्यावर पराठे भाजत होते. पराठे लालसर सोनेरी आणि वरून चमकणारे. चाचांच्या बाजूला लोणच्याची एक मोठी बरणी, त्यात तीन बोटं उंच, तांबडं, पारदर्शक तेल.

"चाचा, हे काय?"

"तरी आहे, बेटी. तूच तर काढायला सांगितलीस."

"आणि हे पराठे?"

"तिचेच. बघ किती खस्ता झालेत. खाऊन बघ."

तरी काढा, असं मी सांगितलं होतं. काढलेल्या तरीचं काय करायचं हे सांगितलं नव्हतं. आठवडाभराची तरी बरणीत साठत होती आणि रोज सकाळी पराठ्यांतून जशीच्या तशी परत जात होती. माझ्या वहीत नाश्त्यापुढे 'तव्यावरची रोटी' असं होतं. पराठाही तव्यावरच भाजतात.

"टाकून द्यायची होती, चाचा!"

बशीरचाचांच्या चेहऱ्यावर इतका धक्का होता की मीच वरमले. "रिज़्क़ आहे, बेटी. अल्लाहनं दिलेलं अन्न. नाल्यात कसं ओतू? माझ्या हातानं होणार नाही."

उस्ताद अर्धा पराठा हातात धरून बसले होते. तो तोंडात घालावा की ठेवावा, हे त्यांना कळेना. शेवटी तो इक्बालनं काढून घेतला. "द्या उस्ताद, मी पट्ट्यात मावतो."

साजिद बाहेर व्हरांड्यात जाऊन हसून आला. मला हसू आलं ते चार दिवसांनी. अन्न फेकायचं नाही हे माझ्या आईनंही मला शिकवलं होतं. तरी मी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन ते फेकायला सांगणार होते.

तेल मागून काढण्यात अर्थ नव्हता. ते आधीच कमी पडायला हवं होतं, आणि ते एकट्या बशीरचाचांच्या हातात होतं. चाचा तयार होईनात. त्यांचा मुद्दा अगदी चोख होता: सालनावर तेल तरंगलं की समजतं मसाला नीट भाजला गेला. नाही तरंगलं तर बाजूच्या खोलीतले म्हणणार, चौदा नंबरचा बशीर कच्चा मसाला खायला घालतो, नाहीतर कंजूस झाला. तीस वर्षं खानसामा असलेल्या माणसाला हे कसं ऐकवेल?

मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, "चाचा, तुम्ही डोळे मिटून, नुसत्या वासावर, मसाला शिजला की नाही ते सांगू शकता का?"

"अंधारातही सांगेन."

"मग तेल कशाला बघता?"

पुढच्या शुक्रवारी पातेल्यात एकच पळी तेल होतं. मसाला खाली लागतो असं दिसलं की ते दह्याचा किंवा पाण्याचा शिपका मारत, पुन्हा भाजत, पुन्हा शिपका. वेळ दुप्पट लागला. चाचांच्या कपाळावरचा घाम थांबेना आणि तोंडानं ते सतत काहीतरी पुटपुटत होते; माझ्याविषयीच असावं. निहारीत तर त्यांनी स्वतःहून तेल घालणं बंद केलं. म्हणाले, नळीतली चरबी असते ना, तीच पुरते, वरून तेल घालणारे अडाणी. जणू हे त्यांनीच मला शिकवलं. मी मान डोलावली.

तेलाचा डबा आठ दिवसांऐवजी एकवीस दिवस पुरू लागला. ४ जुलै, एकशे सतरा पाचशे. ११ जुलै, एकशे सोळा दोनशे. १८ जुलै, एकशे पंधरा. २५ जुलै, एकशे तेरा नऊशे. इक्बालचंही पोट उतरलं आणि त्यावरून त्याला टोमणे बसू लागले. १ ऑगस्टला उस्ताद एकशे बारा किलो सहाशेवर आले. कमरेचा पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागत होता. ते मला म्हणाले, "बाजी, आता शिडी चढताना फक्त माझाच श्वास ऐकू येतो. पूर्वी वाटायचं मागून कोणी येतंय."

पण हिशेब जमत नव्हता. आठवडा एकच आणि अजून अडीच किलो. ते तीन वाया गेलेले आठवडे माझ्या खात्यात होते, त्यांच्या नाही. मी सेफ्टी ऑफिसरला फोन करून मुदत मागितली. तो सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, पट्ट्याला तारीख कळत नाही." बरोबरच होतं त्याचं.

गुरुवारी, ७ ऑगस्टला उस्ताद शिफ्ट संपवून क्लिनिकमध्ये आले. काट्यावर चढले. एकशे नऊ किलो तीनशे.

सोबत आलेल्या इक्बालनं टाळ्या वाजवल्या. साजिदनं माझ्याकडे फॉर्म सरकवला. वजनाच्या रकान्याखाली सही माझी लागते. मी पेन उघडलं आणि हात थांबला. सहा दिवसांत तीन किलो तीनशे. वहीतल्या मागच्या चौदा आकड्यांना हा आकडा शोभत नव्हता.

"उस्ताद, जीभ दाखवा."

जीभ चामड्यासारखी कोरडी होती. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. साजिदनं ब्लडप्रेशर बसून घेतलं, एकशे अठ्ठावीस. उभं करून घेतलं, अठ्ठ्याण्णव. उभे राहताना त्यांनी टेबलाचा काठ धरला, कुणाला दिसू नये असा.

"काय घेतलंत?"

"काही नाही."

"इक्बालभाई?"

इक्बालची टाळ्या वाजवणारी बोटं एकमेकांत अडकली होती. मग तो म्हणाला, "सना मक्की. चार दिवस. आणि कालपासून पाणी बंद." सना मक्की म्हणजे आपली सोनामुखी, जुलाबाची. इथे मसाले-जडीबुटीच्या दुकानातही मिळते. "बाजी, काल चौथ्या मजल्यावर यांचा पाय शिडीवरून सुटला. पट्टा लावलेला होता म्हणून."

"चुप," उस्ताद म्हणाले.

ऑगस्ट महिना, खाडीची दमट हवा, लोखंड हाताला पोळतं अशी उन्हं. त्यात पोट रिकामं करून, पाणी न पिता हा माणूस सगळ्यांच्या आधी वर चढत होता. मी पेल्यात पाणी ओतलं, मीठ-साखर घातली आणि पुढे केलं.

उस्तादांनी पेला हातात घेतला. प्यायले नाहीत. "आधी सही, बाजी. मग पाणी."

"आधी पाणी."

"पाणी प्यायलो तर काटा बदलेल."

"म्हणूनच."

मग उस्ताद अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, होईल." त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पेनाला टोपण लावलं. फॉर्मवर लिहिलं: शरीरातलं पाणी कमी, उंचीवरच्या कामास तूर्त अयोग्य, तीन आठवड्यांनी फेरतपासणी. साजिदनं त्यांना आत नेऊन सलाइन लावलं. सलाइन संपल्यावर वजन करायची गरज नव्हती, तरी मी केलं. एकशे अकरा किलो सातशे.

शनिवारपासून उस्ताद गोदामात पायपा मोजू लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस वर चढून त्यांनाच पायपा मागत होता. पुढच्या शुक्रवारी मी मेसमध्ये गेले तर सगळे सलाम करून आपापल्या कामाला लागले. मला चहा विचारला नाही. पंजाब्याच्या खोलीत चहा विचारला नाही म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. मी वजन घेतलं, वहीत लिहिलं, निघाले. गाडीत साजिद म्हणाला, "ताई, तुम्ही बरोबर केलंत." मी त्याला म्हटलं, "गाडी चालव." बरोबर केलं हे मला माहीत होतं. २ मेला मी 'होईल' म्हणाले, आणि तरी कुठे जाते हे विचारायला सात आठवडे लावले, तेही मला माहीत होतं.

२९ ऑगस्टला उस्ताद स्वतः क्लिनिकमध्ये आले. माझ्यासमोर दोन पेले पाणी प्यायले, पेला उलटा करून दाखवला आणि काट्यावर चढले. एकशे नऊ किलो आठशे. बसून आणि उभं राहून ब्लडप्रेशर सारखंच. मी सही केली. त्यांनी फॉर्म वाळूपर्यंत हातात धरला, जरी आजकालची शाई वाळावी लागत नाही. "तीन आठवडे मी तुम्हाला शिव्या दिल्या, बाजी," ते म्हणाले. "मनात." शनिवारी ते वर चढले. इक्बालनं मला खालून काढलेला फोटो पाठवला. त्यात फक्त एक पिवळं हेल्मेट आणि बुटांचे तळवे दिसतात.

हे इथेच संपवता आलं असतं. पण उस्तादांची छुट्टी लागली आहे. दोन वर्षांनी घरी जात आहेत, पन्नास दिवसांसाठी. परत आले की कार्ड चालू करायच्या आधी पुन्हा वजन होणार आणि मर्यादा तीच. मध्ये फक्त दोनशे ग्रॅमची जागा आहे.

मला अक्रम आठवतो. वेल्डर होता, अल खफजीला समुद्रातल्या कामावर. त्याचं वजन मी सात महिने खपून उतरवलं होतं. फाइल बंद केली, वर 'उत्तम' असं लिहिलं. तो गावी गेला. गावात पहिल्याच दिवशी बायका त्याच्या आईला म्हणाल्या, सौदीत पोराला उपाशी ठेवतात वाटतं, नाहीतर काही आजार लपवतोय. सौदीहून आलेला माणूस भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर त्यानं कमावलं काय? आईनं त्या दिवसापासून त्याच्यापुढून ताट उचललं नाही. नऊ किलो वाढवून तो परतला, समुद्रावरचं काम गेलं आणि सहा महिन्यांत तोही कायमचा गावी परत गेला. मी त्याला रोटी कशी मोजायची ते शिकवलं होतं. आईसमोर काय बोलायचं हे शिकवलं नव्हतं.

म्हणून या वेळी मी उस्तादांना आधीच विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं?

"बायको. पण वाढते अम्मा. घरची म्हैस आहे, बाजी. अम्मा दोन वर्षांचं तूप डब्यात भरून बसली आहे." त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. "माझं ती ऐकणार नाही. डॉक्टरीणबाईचं ऐकेल. तुम्ही तिला व्हॉइस मेसेज करा. पंजाबी नाही आलं तरी चालेल, उर्दू समजते तिला."

मी हो म्हणाले. पुन्हा लवकर.

बायकोसाठीची यादी तयार आहे, उर्दूत, दोन्ही बाजूंनी लिहून. साग चालेल, लोणी एक चमचा. मक्याची रोटी एक. लस्सी बिनसाखरेची. लग्नाच्या जेवणात बिर्याणी किंवा कोरमा, दोन्ही नाही. त्यांच्या सामानात छोटा वजनकाटा ठेवला आहे. बशीरचाचांनी उस्तादांच्या बायकोला फोनवर एक पळी तेलाची निहारी समजावली, चाळीस मिनिटं. हे सगळं झालं.

अम्माला करायचा मेसेज राहिला आहे. रविवारी दोनदा फोन हातात घेतला, काल तीनदा. एकदा मी कॅलरी समजावू लागले आणि स्वतःचाच आवाज ऐकून पुसून टाकलं. एकदा पट्ट्याबद्दल सांगितलं, पाय सुटला तर काय होतं तेही सांगितलं आणि मग लक्षात आलं, की ती बाई पन्नास दिवस काय, पुढची सगळी वर्षं झोपणार नाही. तेही पुसलं. मुलगी शेजारी अभ्यास करत होती. म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ व्हॉइस नोट. बोलून टाक ना." मी कराडला जाते तेव्हा माझी आई न विचारता भातावर तूप घालते आणि मी खाते. हे मी मुलीला सांगितलं नाही.

दोन वर्षं डब्यात तूप साठवलेल्या बाईला, ते वाढू नकोस, हे कोणत्या शब्दांत सांगायचं? वाढा पण कमी वाढा, असं सांगितलं तर ती मान हलवेल आणि डाव भरूनच वाढेल. मुलगा आजारी आहे म्हटलं तर ऐकेल, पण ते खोटं आहे, आणि गावाला तेच हवं आहे.

उस्तादांचं विमान गुरुवारी आहे. आज मंगळवार. पहिलं वाक्य तेवढं झालं आहे: अस्सलाम अलैकुम अम्माजी, तुमचा नवाज अगदी ठणठणीत आहे. दुसरं अजून सापडलेलं नाही.